वर्गणीतून उभा राहिलेला सिनेमा

सिनेमाच्या व्यवहारात प्रेक्षकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. सिनेमा आधी तयार होतो, मग तो तिकीट काढतो. 1984 मध्ये केरळातल्या काही मंडळींनी हा क्रमच फिरवला. दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे, हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेले) आणि त्यांच्या सोबत्यांनी कोळिकोडला ‘ओडेसा कलेक्टिव्ह’ स्थापन केलं. चॅप्लिनचा ‘द किड’ घेऊन ही मंडळी गावोगाव हिंडली. खेळ दाखवायचा आणि आपल्या सिनेमासाठी गणपतीची वर्गणी काढावी तसे पैसे गोळा करायचे!

निवड किती नेमकी होती बघा. 1921 चा मूकपट, त्यामुळे भाषेचा अडसरच नाही. टाकून दिलेल्या पोराला वाढवणारा फाटका माणूस कुठल्याही गावात कळतो.

असे फिरते खेळ शक्य झाले 16 मिलिमीटरच्या फिल्ममुळे. थिएटरातली 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळायची, ही फक्त 36 फूट. हजार फुटांच्या रिळात जवळपास 28 मिनिटं मावतात. प्रोजेक्टर माणसाला उचलून नेता येतो. वीज आणि पांढरा पडदा मिळाला की शाळेचा वर्गसुद्धा चालतो.

फिल्म सोसायट्या आपल्याकडे ओडेसाच्या आधीपासून होत्या. 1947 मध्ये सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी कलकत्त्यात एक काढली. 1965 मध्ये अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या मित्रांनी तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ सुरू केली. एरवी थिएटरात कधीच न लागणारे सिनेमे तिथे बघायला मिळत, आणि त्यावर वादही रंगत. माझ्या मते त्यांचं खरं काम हेच: बघणाऱ्याला चांगल्या सिनेमाची भूक लावणं. ओडेसाने त्या भुकेवर केवढा विश्वास टाकला! जो सिनेमा अजून अस्तित्वातच नाही, त्यासाठी लोक पैसे देतील असा.

लोकांनी दिले. त्यातून 1986 मध्ये ‘अम्म अरियान’ पूर्ण झाला. त्याची गोष्टही विलक्षण आहे. पुरुषन नावाच्या तरुणाला वाटेत एक प्रेत दिसतं. ओळख पटल्यावर तो मृताच्या आईला कळवायला वायनाडहून कोचीकडे निघतो. वाटेत मृताचे मित्र भेटत जातात, प्रत्येक जण सोबत चालू लागतो आणि एकट्याचा प्रवास जमावाचा होतो. सिनेमा पूर्ण झाल्यावर ओडेसाची माणसं तो घेऊन पुन्हा केरळभर फिरली. नफा कमवायचा नव्हताच. ज्यांच्या पैशांतून तो झाला, त्यांना तो दाखवायचा होता.