मोटारीच्या ब्रेकमधील हवा एकट्याने कशी काढावी?

शिवडीची वस्ती खाडीकाठची. येथील दमट हवेने लोखंड गंजते, हे आपण नित्य पाहतो. परंतु तोच ओलावा मोटारीच्या ब्रेक ऑईलमध्येही मुरतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

ब्रेकचे कार्य पास्कल (१६२३–१६६२) या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नियमावर चालते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोचतो. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील ऑईल तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत नेते. द्रव जवळजवळ आकसत नाही, हवा मात्र सहज आकसते. म्हणून नळीत बुडबुडे असल्यास पायाचा जोर त्यांतच खर्ची पडतो व पेडल मऊ लागते. ओलाव्याचा धोका निराळा आहे. डॉट ३ जातीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेंटिग्रेड असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक तापून ऑईलची वाफ झाली, तर ऐन उतारावर ब्रेक लागतच नाही!

हवा काढताना एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने चाकाजवळचे निपल उघडावे, अशी रीत आहे. दुसरा मनुष्य नसेल तर पुढीलप्रमाणे करावे.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांस दगड लावावेत. केवळ जॅकवर विसंबू नये. खाली भक्कम स्टँड द्यावेत. निपलवर पारदर्शक नळी घट्ट बसवावी. तिचे दुसरे टोक बाटलीतील ताज्या ऑईलमध्ये बुडवून बाटली निपलहून उंच टांगावी. निपल पाव फेरा सैल करून पेडल सावकाश दाबावे व सावकाश सोडावे. टोक बुडालेले असल्याने परत हवा नव्हे, ऑईलच ओढले जाते. बुडबुडे थांबताच निपल आवळावे. वरची टाकी मधूनमधून भरीत जावी. ती रिती झाल्यास सारे श्रम वाया जातात. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकाप्रमाणे धरावा. जुन्या गाड्यांत बहुधा सर्वांत दूरचे चाक प्रथम घेतात.

निघालेले ऑईल पुन्हा वापरू नये. रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावे. एबीएसच्या यंत्रात हवा शिरली असल्यास काम कारखान्यातच द्यावे.

शेवटी पेडल कठीण लागल्याखेरीज गाडी हलवू नये. विद्यार्थ्यांनी हे काम वडील मंडळींच्या देखरेखीखालीच करावे. कारण ब्रेकवर आपलाच नव्हे, रस्त्यावरील परक्याचाही जीव अवलंबून असतो.