ध्रुवीय हिमस्तरांचे तापमान निसर्गतः का बदलते?

बेंगळुरू : भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो) आणि अमेरिकेची नासा यांचा संयुक्त उपग्रह 'निसार' ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात झेपावला. त्याची जुळणी बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात झाली होती. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंड येथील हिमस्तरांची हालचाल टिपणे हे या उपग्रहाच्या प्रमुख कामांपैकी एक आहे. मात्र उपग्रहांच्या नोंदी काही दशकांपुरत्याच आहेत आणि ध्रुवीय प्रदेशांचे तापमान लाखो वर्षांपासून वर-खाली होत आले आहे. त्यामुळे आजच्या बदलात निसर्गाचा वाटा किती, हे ठरविण्यासाठी आधी निसर्गाची रीत समजून घ्यावी लागते.

बर्फातील दप्तर

ही रीत बर्फातच नोंदलेली आहे. दरवर्षी पडणारा हिम थरावर थर साचून घट्ट होतो. त्यातील जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून त्या काळचे तापमान काढता येते; थंडी जितकी अधिक, तितका जड ऑक्सिजन कमी. थरांत अडकलेल्या बुडबुड्यांतून तत्कालीन हवाही मिळते. अंटार्क्टिकातील 'डोम सी' येथे तीन किलोमीटरहून खोल खणून काढलेल्या हिमगाभ्याने ८ लाख वर्षांचा इतिहास उलगडला. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी २,८०० मीटर खोलीवरून किमान १२ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा बर्फ बाहेर काढला. गोव्यात वास्को येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीही पूर्व अंटार्क्टिकातील ड्रॉनिंग मॉड लँड भागातून हिमगाभे आणून अलीकडच्या काही शतकांच्या हवामानाचा अभ्यास केला आहे.

कक्षेचे चक्र

दीर्घकालीन बदलांमागील मूळ कारण पृथ्वीच्या भ्रमणात आहे. सर्बियन गणितज्ञ मिलुतिन मिलान्कोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे सविस्तर गणित मांडले. पृथ्वीची कक्षा सुमारे १ लाख वर्षांच्या चक्रात कमी-अधिक लांबट होते. आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान बदलतो. सध्या तो सुमारे २३.४ अंश असून घटत आहे. शिवाय आस भोवऱ्याप्रमाणे डुलत असल्याने पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते, हेही सुमारे २३ हजार वर्षांच्या चक्रात बदलते. यांतून उत्तर गोलार्धाच्या उच्च अक्षांशांवर उन्हाळ्यात पडणारे ऊन कमी-जास्त होते. उन्हाळा सौम्य राहिला की आदल्या हिवाळ्यातील हिम पुरता वितळत नाही आणि हिमस्तर वाढू लागतो.

केवळ उन्हातील हा फरक हिमयुग आणण्यास पुरेसा नसतो. परंतु बदल स्वतःच पुढील बदलाला बळ देतो. पांढरा बर्फ ऊन परावर्तित करतो, त्यामुळे थंडी वाढते. थंड महासागर अधिक कार्बन डायऑक्साइड सामावून घेतात, त्यामुळे आणखी गारवा येतो. हिमयुगांत हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे १८० भाग होते, तर उबदार कालखंडांत सुमारे २८०.

सागर, वारे आणि ज्वालामुखी

काही बदल याहून वेगवान असतात. गेल्या हिमयुगात ग्रीनलंडचे तापमान अवघ्या काही दशकांत ८ ते १६ अंश सेल्सिअसने वाढल्याच्या सुमारे २५ घटना आढळतात. अटलांटिक महासागरातील उष्णतावाहक प्रवाह कधी मंद, कधी जोमदार झाल्याने हे घडले, असे मानले जाते. ग्रीनलंड तापले की अंटार्क्टिका हळूहळू थंड होई. याचे पडसाद भारतापर्यंत उमटले. ग्रीनलंड थंड असताना आपला मोसमी पाऊस क्षीण होता, असे अरबी समुद्राच्या तळाचा गाळ सांगतो.

मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांचा गारवा एक-दोन वर्षे टिकतो. सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राचा परिणाम अल्प असतो. अंटार्क्टिकाभोवती वाहणारे पश्चिमी वारे आणि प्रशांत महासागरातील एल निनो यांमुळे तेथील काही भाग तापतो, तर त्याच वेळी दुसरा थंड राहू शकतो. त्यामुळे एखाद्या ठिकाणच्या थोड्या वर्षांच्या नोंदींवरून संपूर्ण खंडाविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

आजचा बदल वेगळा का?

'हवामान पूर्वीही बदलत होते' हे विधान खरे आहे. पण त्यातून आजचा बदलही नैसर्गिकच आहे, असे सिद्ध होत नाही. कक्षेच्या सध्याच्या स्थितीनुसार उत्तर ध्रुवीय प्रदेश संथपणे थंड व्हायला हवा होता; प्रत्यक्षात तो झपाट्याने तापत आहे. हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १८० वरून २६० च्या वर जाण्यास हजारो वर्षे लागली. १९५८ मध्ये ते सुमारे ३१५ होते; आज ४२० च्या पुढे आहे. औद्योगिक युगापूर्वीच्या ८ लाख वर्षांत ते ३०० च्या फारसे वर गेल्याचे हिमगाभ्यांत आढळत नाही.

ग्रीनलंडचा सर्व बर्फ वितळल्यास जगभरातील समुद्राची पातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. तसे होण्यास अनेक शतके लागतील; तथापि त्याचा अल्पसा अंशही मुंबई, कोकण आणि गोव्याच्या सखल किनाऱ्यांना पुरेसा आहे. निसर्गाची चक्रे मंद असतात आणि ती माणसाच्या हाती नाहीत; त्यांवर पडणारी मानवनिर्मित भर मात्र वेगवान आहे आणि ती रोखणे माणसाच्याच हाती आहे.