भ्रमणशील उपग्रह आणि सातपुड्यातील पाडे

सूर्यास्तानंतरच्या तास-दीड तासात खान्देशच्या निरभ्र आकाशात एखादा ठिपका ताऱ्यांमधून संथपणे सरकताना दिसतो. तो लुकलुकत नाही, विमानाचे तांबडे-हिरवे दिवे त्याला नसतात आणि पृथ्वीच्या छायेत शिरताच तो मध्येच दिसेनासा होतो. कधी असे अनेक ठिपके एका दोऱ्यात ओवल्यासारखे एकामागून एक जातात. 'स्पेसएक्स' या अमेरिकन कंपनीने मे २०१९ मध्ये 'स्टारलिंक' योजनेतील पहिले साठ उपग्रह एकाच वेळी सोडले, तेव्हापासून अशा माळा जगभर दिसू लागल्या. २०२५ अखेर या उपग्रहांची संख्या आठ हजारांच्या वर गेली होती.

धुळे-जळगावच्या नागरिकाला या ठिपक्यांविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु आता हा केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. दुर्गम भागातील शासकीय संस्थांना व वस्त्यांना उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरविणे हा त्याचा हेतू. त्या संदर्भात ज्या जिल्ह्यांची नावे घेतली गेली, त्यांत गडचिरोली, वाशीम व धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबारही आहे. १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या या उपग्रहाचा आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांचा संबंध नेमका काय, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

बारा सेकंदांचा प्रवासी

उपग्रहामार्फत दळणवळण ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नव्हे. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्येच उपग्रह भूकेंद्र सुरू झाले होते. परंतु त्या पिढीतील दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असत. तेथे त्यांची गती पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी जुळते आणि म्हणून ते आकाशात एकाच जागी खिळलेले भासतात. त्यांच्यावर नजर ठेवणे सोपे असते. मात्र अंतर एवढे की संदेश जाऊन उत्तर परत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो.

स्टारलिंकचे उपग्रह याउलट पाचशे ते साडेपाचशे किलोमीटरवरून जातात. संदेशाचा विलंब त्यामुळे पुष्कळच घटतो. पण इतक्या कमी उंचीवर टिकून राहण्यासाठी उपग्रहाला सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावावे लागते. धुळे आणि जळगाव यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. एस.टी.ला या प्रवासास दोन तासांच्या आसपास लागतात. उपग्रह तेवढे अंतर बारा सेकंदांत ओलांडतो. सुमारे दीड तासाने त्याची एक प्रदक्षिणा पूर्ण होते, पण तोवर पृथ्वी पूर्वेकडे वळलेली असते आणि त्याचा मार्ग सुमारे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे अरबस्तानावर, सरकलेला असतो. सारांश, कोणताही एक उपग्रह खान्देशाच्या उपयोगी पडतो तो एका फेरीत जेमतेम चार मिनिटे. अखंड सेवा हवी असेल तर एकामागून एक असे हजारो उपग्रह हवेत.

आकाशाची नोंदवही

एवढ्या वेगाने धावणाऱ्या वस्तूचा माग काढतात तरी कसा? घराच्या छपरावरील तबकडी स्वतः हलत नाही. तिच्यातील शेकडो सूक्ष्म अँटेनांकडून निघणाऱ्या लहरींचा मेळ असा साधला जातो की, झोत उपग्रहामागे वळत राहतो आणि एक उपग्रह मावळतीकडे झुकताच दुसऱ्याकडे वळतो. हे साधण्यासाठी कोणता उपग्रह कोठे असेल हे आधीच ठाऊक असावे लागते.

ही माहिती कंपनीपुरती मर्यादित नाही. अमेरिकेची लष्करी यंत्रणा रडारांच्या साहाय्याने कक्षेतील वस्तूंची नोंद ठेवते आणि त्यातील बहुतांश प्रसिद्ध करते. प्रत्येक वस्तूची कक्षा दोन ओळींत मांडलेली असते. कक्षेचा कल किती, दिवसाला प्रदक्षिणा किती, ठरावीक क्षणी वस्तू कोठे होती, एवढ्या आकड्यांवरून जळगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही संध्याकाळी कोणत्या वेळी, कोणत्या दिशेस उपग्रह उगवेल हे काढू शकतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत असे अभ्यासकांना लवकरच सांगता आले, ते अशाच नोंदींमुळे.

अर्थात ही नोंद सतत ताजी ठेवावी लागते. विरळ का होईना, तेथे हवा असतेच आणि ती कक्षा झिजविते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौर वादळामुळे ही हवा फुगली, तेव्हा नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी सुमारे ४० गमवावे लागले. एरवीही अशा उपग्रहाचे आयुष्य पाचएक वर्षांचेच धरलेले असते.

खर्चाचे गणित

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. या व्यवसायात स्थिर खर्च प्रचंड आणि तो दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागणारा. परंतु उपग्रह एकदा कक्षेत गेला की तो तोरणमाळवरून जाणारच, खाली ग्राहक असो वा नसो. तेथे त्याची क्षमता वापरली गेली नाही तर ती अरबी समुद्रावर जाते तशीच वाया जाते. दाट वस्तीच्या मुंबईत मात्र तीच क्षमता अपुरी पडते. म्हणजेच दुर्गम पाड्यावरील ग्राहकासाठी आकाशातला वाढीव, अर्थशास्त्राच्या भाषेत सीमांत, खर्च नगण्य असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मे २०२५ मधील शिफारशींत शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा आकार सुचविला आणि ग्रामीण ग्राहकाला तो लावला नाही, यामागील भूमिका या तर्काशी सुसंगतच आहे.

शासनाने वाटाघाटीत हेच सूत्र धरावयास हवे. 'दुर्गम भाग म्हणून अधिक दर' हा युक्तिवाद तारांच्या बाबतीत खरा आहे. डोंगरदऱ्यांतून तंतुवाहिनी नेणे महाग पडते, हे २०११ पासूनच्या 'भारतनेट' योजनेचा अनुभव सांगतो. उपग्रहाच्या बाबतीत तो खरा नाही. तेथे खरा खर्च आहे तो जमिनीवरचा: तबकडी, तिला सतत लागणारी पन्नास ते शंभर वॅट वीज, मुसळधार पावसात क्षीण होणारा संकेत, आणि बिघाड झाल्यास धडगावपर्यंत पोचणारा तंत्रज्ञ. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के आकारणी ज्या निधीत जमा होते, तो 'डिजिटल भारत निधी' नेमका याच कारणासाठी आहे.

जमिनीवरील नोंद

नवतंत्राचा शुभारंभ नंदुरबारने पूर्वीही पाहिला आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी 'आधार'चे देशातील पहिले क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली गावात वाटले गेले. परंतु शिधावाटप दुकानातील यंत्रावर बोट टेकविल्यावर ओळख पटण्यासाठी संपर्क लागतो. तो नसेल तर क्रमांक असूनही धान्यासाठी खोळंबावे लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज, आरोग्य केंद्रातील नोंद, शाळेची माहिती, सर्वांची हीच गत. म्हणूनच सातपुड्यात इंटरनेट ही चैन नव्हे, इतर हक्कांपर्यंत पोचण्याची ती वाट झाली आहे.

इरादापत्र म्हणजे करार नव्हे. शिवाय ते केंद्राच्या परवानग्यांच्या अधीन आहे. प्रत्यक्ष करार होईल तेव्हा त्यात एक अट अवश्य असावी. कोणत्या शाळेत, आरोग्य केंद्रात, शिधावाटप दुकानात कोणत्या दिवशी जोडणी झाली, महिन्यात किती तास ती बंद राहिली आणि तीवर किती खर्च झाला, याची नोंद दरमहा प्रसिद्ध व्हावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. ताशी सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने धावणारी वस्तू कोठे आहे हे जर कोणाही विद्यार्थ्याला उघडपणे कळू शकते, तर एकाच जागी उभ्या असलेल्या शाळेची जोडणी चालू आहे की बंद, हे कळण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. ती नोंद ठेवण्याची आणि लोकांपुढे मांडण्याची इच्छा शासनाने दाखवावी, एवढीच खान्देशाची अपेक्षा आहे.