ऐकणारे वाढले, तरी माणसं का काढली?
गाण्यांच्या ॲपच्या धंद्याबद्दलचे सात गैरसमज

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला कपात म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या वाहन कंपनीचं शेड्यूल घटलं, की सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात आधी ओव्हरटाइम बंद होतो आणि मग कंत्राटी पोरांना ‘सोमवारपासून येऊ नका’ असा निरोप जातो. माल उठत नाही म्हणून माणसं कमी, इतका सरळ हिशोब.

हाच हिशोब आपण मोबाईलमधल्या गाण्यांच्या ॲपलाही लावतो आणि तिथे फसतो. स्पॉटिफायने २०२३ या एकाच वर्षात तीनदा कपात केली: जानेवारीत ६ टक्के, जूनमध्ये २ टक्के आणि डिसेंबरमध्ये १७ टक्के. तिन्ही मिळून सुमारे २,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षाअखेर या ॲपवर महिन्याला ऐकणाऱ्यांची संख्या ६० कोटींच्या पुढे गेली होती. माल धडाक्यात उठत होता, तरी माणसं गेली. हे कसं, ते कळायचं तर आधी काही समजुती दूर कराव्या लागतील.

गैरसमज १ : कपात झाली, म्हणजे कंपनी बुडायला आली.

वस्तुस्थिती : कधी आली असते, कधी नसते. साउंडक्लाउड या गाण्यांच्या ॲपने जुलै २०१७ मध्ये १७३ जणांना काढलं, तेव्हा त्यांच्याकडची रोकड खरोखरच संपत आली होती आणि पुढच्याच महिन्यात नव्या गुंतवणूकदारांनी पैसे घातले म्हणून कंपनी तगली. स्पॉटिफायची गोष्ट उलटी आहे. डिसेंबर २०२३ ची सर्वांत मोठी कपात जाहीर झाली, तेव्हा नुकत्याच संपलेल्या तिमाहीत कंपनीने ३.२ कोटी युरोंचा कामकाजी नफा दाखवला होता.

मग कपात कशासाठी? कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, भांडवल स्वस्त होतं. पॉडकास्ट, नवे देश, नवी दालनं यांसाठी भरमसाट भरती झाली. पुढे व्याजदर चढले आणि गुंतवणूकदार ‘किती वाढलात’ऐवजी ‘किती कमावलंत’ असं विचारू लागले. तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात मंदावलेली वाढ आणि महागलेलं भांडवल हीच कारणं दिली. २०२४ मध्ये स्पॉटिफायला पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा झाला, सुमारे ११४ कोटी युरो. मात्र कपातीमुळे रोजच्या कामाची घडी अपेक्षेपेक्षा जास्त विस्कटली, हेही एक यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कबूल केलं. नफा झाला म्हणून कपात फुकटात पडली असं नाही.

गैरसमज २ : श्रोते वाढले की नफा आपोआप वाढतो.

वस्तुस्थिती : सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे बरंचसं खरं असतं, कारण एकदा बनवलेला प्रोग्राम दहा लोकांनी वापरला काय आणि दहा लाखांनी काय, खर्च फारसा बदलत नाही. गाण्याच्या ॲपचं तसं नाही. येणाऱ्या प्रत्येक रुपयातले साधारण ६५ ते ७० पैसे गाण्यांच्या हक्कदारांना, म्हणजे मुख्यतः रेकॉर्ड कंपन्यांना जातात. कमाई वाढली की देणंही त्याच प्रमाणात वाढतं. उरलेल्या तीस-पस्तीस पैशांत पगार, सर्व्हर, जाहिरात, कर असं सगळं भागवायचं. देण्याला हात लावता येत नाही, म्हणून कात्री पगारावर चालते.

नाशिकच्या मिसळवाल्याशी ताडून पाहा. गिऱ्हाईक वाढलं की त्याचंही फरसाण, तेल, पाव वाढतात. पण फरसाणवाला अडून बसला, तर तो दुसरा शोधू शकतो. लताबाईंच्या एखाद्या गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे आहेत, तिला पर्याय नाही. त्या गाण्याला दुसरा पुरवठादारच नसतो.

गैरसमज ३ : ॲप चांगलं असेल आणि लोकांना आवडत असेल, तर ते बंद पडत नाही.

वस्तुस्थिती : याचं उत्तर मराठी नावातच आहे: धिंगाणा. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या भावांनी २००७ मध्ये सुरू केलेली ही सेवा. कार्यालय अमेरिकेत, तंत्रज्ञांची फळी पुण्यात. हिंदीबरोबर मराठी आणि इतर भारतीय भाषांतली गाणी इंटरनेटवर कायदेशीर आणि फुकट ऐकवणाऱ्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी हे एक. श्रोते लाखांनी होते, गुंतवणूकदारही होते. पण टी-सीरीज या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा परवाना पुढे चालू राहिला नाही. हिंदी चित्रपटगीतांचा एवढा मोठा साठा हातचा गेल्यावर दुकानात उरतं काय? फेब्रुवारी २०१४ मध्ये धिंगाणा बंद झालं.

पुढच्याच महिन्यात रडिओ या अमेरिकी कंपनीने ते विकत घेतलं. त्या बळावर रडिओ २०१५ मध्ये भारतात उतरलीही, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मालमत्ता पँडोरा या इंटरनेट रेडिओ कंपनीने साडेसात कोटी डॉलरला घेतली. वाचवणाराच बुडाला. दोन्ही ठिकाणी गाणी ऐकणारे होते आणि ॲप बनवणारे हुशारही होते. नव्हता तो फक्त जमाखर्चाचा मेळ.

गाणी सुटी विकण्याचाही प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे दुकान उघडलं. ६ रुपयांपासून गाणं मिळत होतं. जून २०१३ मध्ये ते बंद करावं लागलं. सहा रुपयांचा ऑनलाइन व्यवहार तेव्हा किचकट होता आणि तेच गाणं बाजारात पेनड्राइव्हवर फुकट भरून मिळत होतं.

गैरसमज ४ : फुकट ऐकणाऱ्यांचा खर्च जाहिरातींतून सहज निघतो.

वस्तुस्थिती : सहज निघत नाही, आणि भारतात तर तूट भरायला वर्गणीदारही पुरेसे नाहीत. फिक्की ही उद्योगसंघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालांनुसार २०२४ मध्ये देशात गाणी ऑनलाइन ऐकणारे सतरा कोटींच्या पुढे होते, पण त्यासाठी पैसे भरणारे एक कोटीच्या आसपासच होते. म्हणजे सोळा-सतरा जणांमागे एक. शिवाय जो भरतो, तोही थोडेच भरतो. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा महिन्याला ११९ रुपये घेत होतं. अमेरिकेतला दर तेव्हा दहा डॉलर, म्हणजे सुमारे सातशे रुपये होता.

या गणितापायी एकेक भिडू गळाला. ‘गाना’ २०१० मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलं. २०१८ मध्ये त्यात टेन्सेंट या चिनी कंपनीसह ११.५ कोटी डॉलरची गुंतवणूक आली. २०२२ मध्ये फुकट ऐकणं बंद करून ते फक्त वर्गणीदारांपुरतं करावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये रेडिओ मिर्ची चालवणाऱ्या एन्टरटेनमेंट नेटवर्क इंडिया या त्याच समूहातल्या कंपनीने गानाचा व्यवसाय घेतला तो २५ लाख रुपयांत. एवढ्यात नाशिकच्या गंगापूर रोडला धड फ्लॅट येत नाही. बाइटडान्सचं ‘रेसो’ मार्च २०२० मध्ये आलं आणि ३१ जानेवारी २०२४ ला भारतातून गेलं.

एअरटेलच्या ‘विंक’चं उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावं. २०१४ पासून चालणारं हे ॲप बंद करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला. एअरटेलने ॲपलशी करार केला आणि विंकच्या कर्मचाऱ्यांना समूहात सामावून घेण्याचं सांगितलं. म्हणजे ॲप बंद पडलं की सगळे घरी, हेही नेहमीच खरं नसतं. मोबाईल कंपनीला गाण्याचं ॲप हवं असतं ते गिऱ्हाईक दुसऱ्या सिमकडे जाऊ नये म्हणून. गाण्यावर नफा झाला नाही तरी तिचं चालतं. निव्वळ गाण्यावर जगणाऱ्या कंपनीची अशा स्पर्धेत दमछाक होते. वर यूट्यूब आहेच, जिथे एक पैसा न भरता सगळं ऐकता येतं.

गैरसमज ५ : गाणं एकदा वाजलं की कलाकाराला ठरलेले पैसे मिळतात, आणि माणसं कमी केली की तो वाचलेला पगार कलाकारांना जातो.

वस्तुस्थिती : बहुतेक ॲपवर ‘दर ऐकण्यामागे इतके पैसे’ असा पक्का दर नसतो. महिन्याची कमाई एका गल्ल्यात जमा होते आणि कोणाची गाणी एकूण ऐकण्याच्या किती टक्के वाजली, त्यानुसार हक्कदारांत वाटणी होते. सटाणा किंवा मालेगावचा एखादा वर्गणीदार महिनाभर फक्त अहिराणी गाणी ऐकत असेल, तरी त्याची वर्गणी थेट अहिराणी गायकांना जात नाही. ती सामाईक गल्ल्यात पडते आणि मोठा वाटा सर्वाधिक वाजणाऱ्यांच्या पदरात जातो. स्पॉटिफायने तर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला या वाटणीतून वगळलं.

पगारात वाचलेली रक्कम या गल्ल्यात येतच नाही. ती कंपनीच्या स्वतःच्या वाट्यातली असते. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा प्रश्नही कपातीशी बांधलेला नाही. त्याचा आधार भारतात २०१२ ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती हा आहे. तिच्यामुळे रॉयल्टीतला आपला वाटा त्यांना निर्माता किंवा रेकॉर्ड कंपनीला लिहून देता येत नाही.

गैरसमज ६ : कोणाची नोकरी गेली, याचा ऐकणाऱ्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : ग्लेन मॅकडोनाल्ड या स्पॉटिफायच्या अभियंत्याने जगभरच्या हजारो संगीतप्रकारांचा एक नकाशा इंटरनेटवर मांडला होता, ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ नावाचा. कोणत्याही प्रकारावर बोट ठेवलं की त्याचा नमुना ऐकू यायचा. डिसेंबर २०२३ च्या कपातीत त्याची नोकरी गेली, आतली माहिती मिळणं थांबलं आणि तो नकाशा जिथे होता तिथेच गोठला. कमी ऐकल्या जाणाऱ्या संगीताकडे जाणारी वाट एका माणसाच्या नोकरीबरोबर बुजली.

दुसरा संबंध आपल्या स्वतःच्या यादीचा. ‘डाउनलोड’ केलेलं गाणं आपलं झालं असं वाटतं, पण ते भाड्याचं असतं. वर्गणी थांबली किंवा ॲप मिटलं, की तेही गेलं. घरातली कॅसेट कंपनी बंद पडली म्हणून वाजायची थांबत नव्हती.

गैरसमज ७ : पूर्वी संगीत म्हणजे साधना होती, धंद्याचं हे दुखणं आजचं.

वस्तुस्थिती : नाशिककरांनी तरी असं म्हणू नये. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाच्या आश्रयाशिवाय, लोकांच्या देणग्यांवर आणि आपल्या मैफलींच्या कमाईवर. १९०८ मध्ये मुंबईची शाखा सुरू झाली. विद्यार्थी भरपूर होते. संगीत शिक्षक घडवणाऱ्या उपदेशक वर्गातल्या मुलांचा राहण्या-जेवणाचा भारही संस्थाच उचलत होती. इमारतीसाठी कर्ज काढलं गेलं, ते फिटेना, आणि अखेर सावकारांनी १९२४ मध्ये इमारत लिलावात काढली. शिकणारे आहेत, नाव आहे, कीर्ती आहे, पण येणाऱ्या पैशापेक्षा देणं मोठं आहे: आजच्या ॲपच्या ताळेबंदाशी हे ओळखीचं वाटावं. त्या काळात पंडितजी नाशिकला आले आणि इथे त्यांनी रामनाम आधाराश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव, पुढे थोर गायक झालेले द. वि. पलुसकर, यांचा १९२१ मधला जन्मही नाशिकचाच.

पंडितजी १९३१ मध्ये गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. एका भव्य वास्तूचं ओझं न घेता गावोगावच्या गायनवर्गांना एक अभ्यासक्रम आणि एक परीक्षा यांत बांधलं. हजारो विद्यार्थ्यांनी थोडीथोडी फी भरायची, अशी ही रचना.

एवढं समजलं की पुढची बातमी वाचताना ‘ॲपवर किती लोक ऐकतात’ हा आकडा बाजूला ठेवता येईल. पैसे कोण भरतं आणि त्यातले किती आधीच देणं लागतात, हे दोनच प्रश्न विचारावेत. आणि तोवर आपल्या आवडत्या गाण्यांची नावं एका वहीत उतरवून ठेवावीत, कारण ॲप जाताना यादी घेऊन जातं. विंक गेलं, रेसो गेलं, धिंगाणा तर पुण्यातही फार जणांना आठवत नाही. ज्या विद्यालयाच्या इमारतीचा शंभर वर्षांपूर्वी लिलाव झाला, त्याच्या नावाच्या प्रारंभिक ते विशारदच्या परीक्षांना मात्र नाशिकची मुलं आजही बसतात, फी भरून.