पुतळा की चौक? ॲक्रनच्या सोजर्नर ट्रुथ स्मारकाकडून काय शिकावे

आपल्या वस्तीत स्मारकाचा विषय निघाला की पहिली चर्चा पुतळ्याच्या उंचीची होते आणि दुसरी निधीची. जागा कोणती, तिथे मजकूर काय लिहायचा, जयंती आटोपल्यावर तिथे कोण बसणार, हे प्रश्न बहुधा राहूनच जातात. वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला हे वारंवार दिसते. म्हणून अमेरिकेतील एका स्मारकाची माहिती आज देत आहोत.

ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात 29 मे 2024 रोजी 'सोजर्नर ट्रुथ लेगसी प्लाझा' हा स्मारक-चौक लोकांसाठी खुला झाला. सोजर्नर ट्रुथ यांचा जन्म 1797 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात गुलाम आईबापांच्या पोटी झाला. मूळ नाव इझाबेला, मातृभाषा डच. 1826 मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन त्या मालकाच्या घरातून बाहेर पडल्या. त्यांच्या मुलाला बेकायदा विकून अलाबामात नेले होते. त्यासाठी त्या न्यायालयात गेल्या आणि 1828 मध्ये मुलगा परत मिळवला. एका काळ्या स्त्रीने गोऱ्या माणसाविरुद्ध खटला जिंकणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. 1843 मध्ये त्यांनी स्वतःच स्वतःला नवे नाव दिले. मालकाने दिलेली ओळख टाकून स्वतःची ओळख घेणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

जागा

29 मे 1851 रोजी ॲक्रनच्या जुन्या दगडी चर्चमध्ये स्त्री हक्क परिषदेत सोजर्नर बोलल्या. ते चर्च आज उरलेले नाही. पण स्मारक नेमके त्याच जागेवर उभारले आणि भाषणाच्याच तारखेला खुले केले. शिल्पकार वुडरो नॅश ॲक्रनचेच. त्यांनी घडवलेल्या सोजर्नर ताठ उभ्या आहेत, हातात पुस्तक आहे. पायाशी इम्पाला लिलीचे फूल आहे, ते वडिलांच्या घानामधील मुळांची आठवण म्हणून. प्रत्यक्षात सोजर्नर यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षर नाकारलेल्या बाईच्या हातातले पुस्तक पाहताना आपल्याला सावित्रीमाई आठवतातच.

शब्द

हे भाषण जगभर 'मी स्त्री नाही का?' या नावाने प्रसिद्ध आहे. पण जून 1851 मध्ये 'अँटी-स्लेव्हरी ब्युगल' या वृत्तपत्रात मारियस रॉबिन्सन यांनी छापलेल्या वृत्तांतात हे वाक्य नाही. ते आले 1863 मध्ये, परिषदेच्या अध्यक्ष फ्रान्सिस गेज यांनी बारा वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणीतून. त्यात दक्षिणेकडील गुलामांची म्हणून समजली जाणारी बोली सोजर्नर यांच्या तोंडी घातली आहे. न्यूयॉर्कमध्ये डच बोलत वाढलेल्या बाईची ती बोली कशी असेल? पाच मुलांची आई असलेल्या सोजर्नर यांना त्यात तेरा मुले आहेत. गेज या चळवळीतल्या सहकारीच होत्या. तरीही शोषितांचा आवाज दुसऱ्याने लिहिला की तो कसा बदलतो, याचे हे उदाहरण आहे. स्मारकावर एकदा कोरलेले पुढच्या पिढ्या सत्य मानतात, म्हणून कोरण्याआधी तपासले पाहिजे.

आपल्याकडे 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात स्त्रियाही होत्या. त्यांपैकी किती जणींची नावे आपल्या एखाद्या फलकावर आहेत? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांच्याच तोंडून आठवणी मिळवल्या, त्याचे पुस्तक 1989 मध्ये आले. आपल्या वस्तीतल्या आजी आज हयात आहेत तोवर हे काम आपणही करू शकतो.

वापर

पुतळ्याला हार घालतात, चौकात लोक थांबतात, बसतात, मुले प्रश्न विचारतात. आपल्याकडे पुतळ्याभोवती जाळी आणि कुलूप असते. त्यामागची भीती खरी आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. म्हणून जाळी काढा असे आम्ही म्हणत नाही. पण जाळीबाहेर बाक, उजेड, पिण्याचे पाणी, वाचता येईल अशा उंचीवर माहितीफलक आणि संध्याकाळी अभ्यासाला बसणारी मुले असतील, तर त्या जागेवर वस्तीचा रोजचा पहारा राहतो.

आपला धागा

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्या वेळी सोजर्नर हयात होत्या. ज्या भिडेवाड्यात 1848 मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली, ती जीर्ण वास्तू दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी उतरवण्यात आली. ॲक्रनप्रमाणेच इथेही मूळ वास्तू उरली नाही, जागा उरली. त्या जागेवर काय लिहिले जाते आणि शाळकरी मुलींना तिथे रोज मोकळेपणाने येता येते का, याकडे आपले लक्ष हवे.

म्हणून स्मारक समितीच्या पुढच्या बैठकीत उंची आणि निधीच्या आधी हे तीन प्रश्न मांडा: जागा का हीच, शब्द कुणाचे, आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी इथे कोण बसणार? आणि त्या बैठकीत बायकांना फक्त बोलावू नका, निर्णयात घ्या.

जयभीम.