जोखमी हुंडीपासून १३.१ पर्यंत

बनावट ऑनलाइन दुकानातून क्रेडिट कार्डावर काही मागवलं आणि ते आलंच नाही, की चार लोक एकच सल्ला देतात: बँकेला फोन लाव आणि फ्रॉड झाला म्हणून सांग. सल्ला मनापासूनचा असतो. पण हाती येऊ शकणारे पैसे घालवण्याचा तो जवळजवळ खात्रीचा मार्ग आहे, असं माझं मत लोकांची कार्डबिलं वाचून वाचून झालं आहे. हो, मला दुसऱ्यांची कार्डबिलं वाचायचा नाद आहे. कुणी गडकिल्ले हिंडतं, कुणी जुनी नाणी जमवतं. मी बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचतो.

सवचीच हकिगत घ्या. महाडजवळ सावित्रीच्या काठचं हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. सांधे धरलेली, खरजेने हैराण झालेली माणसं इथे येतात. पाणी औषधी आहे की नाही ते डॉक्टर सांगतील. पण पाय शेकत बसलेला माणूस घरातली गोष्टसुद्धा सहज सांगून टाकतो, हे मी अनुभवाने सांगतो. तिथेच एका शेतकरी गृहस्थांनी भातकापणीच्या यंत्राचं प्रकरण माझ्यापुढे मांडलं.

फेसबुकवर जाहिरात आली होती. पेट्रोलवर चालणारं, खांद्याला अडकवायचं कटर, चार हजारांच्या आत. दिवाळी धमाका, थोडेच नग शिल्लक. महाड-पोलादपूरकडे कापणीला माणूस मिळत नाही, गावातली तरणी पोरं मुंबईला, नाहीतर सुरत-बडोद्याला. काकांनी जाहिरात मुंबईतल्या पुतण्याला पाठवली. पुतण्याने आपल्या कार्डाचा नंबर भरला, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला आणि पत्ता गावाचा दिला. काही दिवसांनी ‘आपला माल पोहोचला’ असा मेसेज आला. यंत्र काही आलं नाही, दुकानाचा फोन लागेना, आणि भात विळ्यानेच कापावं लागलं. पुतण्याने बँकेला फ्रॉड म्हणून कळवलं. बँकेने कार्ड बंद केलं, नवीन पाठवलं, आणि महिन्याभराने लिहिलं: व्यवहार ओटीपीने झालेला आहे, सबब तक्रार बंद.

काका बँकेवर भयंकर चिडले होते. मला मात्र बँकेचं उत्तर तिच्या नियमांत बसणारं वाटलं. अपुरं होतं, ते वेगळं.

‘माझं कार्ड दुसऱ्याच कुणीतरी वापरलं’ ही एक तक्रार. ‘कार्ड मीच वापरलं, पण ज्यासाठी पैसे दिले ते मिळालं नाही’ ही पूर्णपणे दुसरी. व्हिसाच्या नियमावलीत प्रत्येक तक्रारीला क्रमांक आहे. कार्ड समोर नसताना परक्याने वापरलं तर १०.४. माल किंवा सेवा मिळाली नाही तर १३.१. मिळाला, पण वर्णनाप्रमाणे नाही किंवा मोडका निघाला तर १३.३. नकली ब्रँडचा निघाला तर १३.४. मास्टरकार्डकडे अनधिकृत वापराला ४८३७ आणि ग्राहकाच्या मालाविषयीच्या वादाला ४८५३. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत, आणि लग्नकार्यात ते म्हणून दाखवल्यामुळे काही नातेवाईक मला टाळतात.

आता ओटीपीची गंमत पाहा. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसऱ्यांदा ओळख पटवणं सक्तीचं केलं. जगभरातल्या कार्डकंपन्यांचा नियम असा, की अशी ओळख पटली की ‘कार्ड परक्याने वापरलं’ हा दावा दुकानावर टाकता येत नाही. तो बोजा कार्ड देणाऱ्या बँकेवर येतो. म्हणजे तुम्ही फ्रॉड म्हणालात की तुमच्या बँकेला पैसे समोरून वसूल करता येत नाहीत, स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. मग ती ओटीपीचा कागद काढते आणि फाइल मिटते. १३.१ ला मात्र ओटीपीशी काही देणंघेणं नाही. तुम्हीच पैसे दिले, हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. प्रश्न एवढाच, की माल दिला का? दिला असेल तर दुकानाने पुरावा दाखवावा. आणि बनावट दुकान पुरावा दाखवायला बहुतेक वेळा जागेवरच नसतं.

मग पैसे येतात कुठून? दुकान पळालेलं असलं तरी त्याचं कार्डाचं खातं ज्या बँकेत आहे, ती बँक पळालेली नसते. ग्राहकाची बँक कार्डकंपनीच्या नेटवर्कमार्फत तिच्याकडून पैसे ओढून घेते. तिने आपल्या दुकानदाराकडून वसूल करावेत, नाहीतर सोसावेत. असल्या दुकानाला दारात उभं कुणी केलं? रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये दुकानांसाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांसाठी नियम काढले, त्यात दुकानदाराची पार्श्वभूमी तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

हे सगळं अमेरिकेतून आलं असं समजणाऱ्यांना मी शाहजोग हुंडी दाखवतो. सावित्रीच्या खाडीतून गलबतं वर येत आणि महाड ही भरभराटीची पेठ होती, त्या काळी देशभरच्या बाजारांत व्यापाऱ्यांचा पैसा हुंडीवर, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीवर, फिरे. शाहजोग हुंडीचे पैसे फक्त शाहाला, म्हणजे बाजारात पत असलेल्या असामीला द्यायचे. पुढे हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर ज्या शाहाने रक्कम उचलली त्याने ती व्याजासकट परत करायची. मूळ लबाड सापडो न सापडो! आजच्या व्यवहारात दुकानाची बँक म्हणजे हा शाह. आणि याहून सुंदर ती जोखमी हुंडी. ती रवाना केलेल्या मालावर काढत, आणि माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत. गलबत बुडालं की हुंडीही बुडाली. माल नाही तर पैसा नाही, हे १३.१ चं तत्त्व आपल्या व्यापाऱ्यांना व्हिसाच्या कितीतरी आधी उमगलेलं होतं. इंग्रजांनी १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. शहाणपणा केला.

राहिलेला इतिहास भराभर सांगून टाकतो. डायनर्स क्लब १९५० चा. बँक ऑफ अमेरिकेने १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात न मागता साठ हजार कार्डं टपालाने वाटली आणि थकबाकीत हात पोळून घेतले. त्याच कार्डाचं १९७६ मध्ये व्हिसा झालं. १९७४ मध्ये अमेरिकेने बिलावर हरकत घेण्याचा हक्क कायद्यात घातला, त्याच वर्षी ब्रिटनने ठरावीक मर्यादेतल्या खरेदीत कार्ड देणाऱ्यालाही दुकानदाराइतकंच जबाबदार धरलं. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड काढलं. ब्रिटनसारखं कलम आपल्याकडे नाही. कार्डकंपन्यांचे नियम आणि रिझर्व्ह बँकेचे निर्देश, यांवरच भागवावं लागतं.

परत यंत्राकडे. बँकेने पहिली तक्रार आपल्या टेबलावरच संपवली होती, नेटवर्ककडे नेलीच नव्हती. आणि मुदत शिल्लक होती. व्हिसाचा हिशेब साधारणपणे १२० दिवसांचा, आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत तो माल येण्याच्या अपेक्षित तारखेपासूनही मोजता येतो. मात्र व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पुढे काही चालत नाही. पुतण्याने नव्याने लिहिलं: खरेदी मीच केली, माल मिळालेला नाही, दुकानाला मेल पाठवली, उत्तर नाही. सोबत ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणि मेलची प्रत. दुकानाशी आधी संपर्क केल्याचा पुरावा फार महत्त्वाचा. एक साधी मेल पुरते. कागद नुसते घरात ठेवू नका, फोटो काढून मेलवर टाका. जुलै २०२१ च्या पुरानंतर हे महाडकरांना मी वेगळं सांगायला नको.

अडचण होती ती ‘माल पोहोचला’ या मेसेजची. या बनावट दुकानांची ही जुनी खेळी आहे. ती त्याच पिनकोडमधल्या भलत्याच माणसाला एखादं फुटकळ पाकीट पाठवतात. ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ उमटतं, पिनकोड जुळतो, आणि दुकानाकडे पुरावा तयार होतो. शहरात एका पिनकोडात चार गल्ल्या येतील. ४०२३०१ मध्ये महाड शहर येतं आणि आजूबाजूची गावं-वाड्याही. पोलादपूरच्या ४०२३०३ मध्ये तर डोंगरातल्या किती वस्त्या असतील! हा पिनकोड आपल्याला दिला श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्याच माणसाने, १५ ऑगस्ट १९७२ रोजी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे जाडे पंडित; उजवीकडून वाचलं तरी अर्थ लागणारं विलोमकाव्यही त्यांनी रचलं. पत्र अचूक पोहोचावं म्हणून त्यांनी सहा आकड्यांची रचना केली, आणि अर्ध्या शतकानंतर लबाड लोक नेमका तिचाच आधार घेऊन माल भलतीकडे पोहोचवतात.

मी काकांना घेऊन कुरिअरच्या कचेरीत गेलो. तिथल्या पोराने कुरकुर केली, पण नोंद काढून दिली. पाकीट महाडच्या बाजारपेठेत कुणीतरी सही करून घेतलं होतं, आणि वजन होतं पन्नास ग्रॅम. पेट्रोल इंजिनाचं कटर पन्नास ग्रॅममध्ये! त्या एका कागदावर काम झालं. पुढच्या बिलात रक्कम तात्पुरती जमा झाली. समोरून उत्तर आलं नाही आणि ती कायम झाली.

हेच पाकीट काकांच्या हाती पडलं असतं, आत एखादी प्लास्टिकची वस्तू निघाली असती, तर १३.१ चालला नसता. तेव्हा १३.३. तिथे माल परत केला किंवा करण्याचा खरा प्रयत्न केला, हे दाखवावं लागतं. म्हणून खोकं फेकू नका, लेबलासकट ठेवा. आणि परतीचा पत्ता मागणारी मेल लगेच करा. उत्तर नाही आलं तर तेही तुमच्याच कामाचं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करू नये, असं मात्र मी म्हणत नाही. लवकर केला तर पुढच्या खात्यात गेलेले पैसे गोठवता येतात, आणि कार्डाचा नंबर चोरांच्या हाती पडलेला असल्याने कार्ड बंद करणंही आवश्यकच. पण बँकेला लिहिताना मालाचा वाद म्हणूनच लिहा. यूपीआयने परक्याच्या खात्यात पाठवलेल्या किंवा कुरिअरवाल्याच्या हातात ठेवलेल्या पैशाला कार्डाचं हे संरक्षण नाही.

फ्रॉडचा रस्ता ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी तो भक्कम आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बाहेरच्या कुणाच्या घुसखोरीने पैसे गेले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं दायित्व शून्य. याच परिपत्रकाच्या बळावर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका औषध कंपनीला ७६ लाखांहून जास्त रक्कम परत देण्याचा आदेश बँकेला दिला. गुवाहाटीच्या एका ग्राहकाचं प्रकरण तर आपल्या विषयाला चिकटूनच आहे. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा होता, दुकानाचा माणूस म्हणून भामट्याचा फोन आला, त्याने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं आणि ९४ हजारांवर रक्कम गेली. ग्राहकाने चोवीस तासांत कळवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२५ रोजी बँकेची याचिका फेटाळली. रिफंडच्या शोधात असलेला माणूस हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक. गुगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर फिरवू नका, कार्डाच्या मागे छापलेलाच लावा.

बँकेच्या अर्जावर माझा एक राग आहे. ‘फ्रॉड’चं बटण ठळक असतं, ‘माल मिळाला नाही’ हा पर्याय तीन पानं आत, इंग्रजीत. बँकांना हे सोयीचं आहे असं मला वाटतं, आणि मी ते त्यांच्या शाखांत जाऊन बोललो आहे. चहा दरवेळी मिळाला.

बिलावर हरकत घेतली की ३० दिवसांत खुलासा करणं कार्ड देणाऱ्यावर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी बंधनकारक आहे. तो आला नाही किंवा पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला, म्हणजे महाडहून एसटीने आख्खा दिवस गेला. पण २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि अर्ज घरबसल्या भरता येतो. मात्र कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याच्या सहीने तक्रार जाणं बरं, म्हणून कार्ड मुंबईतल्या पुतण्याचं असेल, तर गणपतीला तो गावी येईल तेव्हाच वकालतनामा वगैरे उरकून घ्यावं.