बाटलीवरचा टक्का

व्हिटॅमिन सीच्या सिरमची बाटली आता शिरूर-दौंडच्या खेड्यांतही पार्सलने घरपोच येते. तिच्यावर १०, २०, ३० टक्के असे ठळक आकडे असतात आणि गिऱ्हाईक साहजिकच मोठ्या आकड्याला भुलते. पण अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेले प्रयोग वेगळेच सांगतात. ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच व्हिटॅमिन सी, त्वचेत मुरायला द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली असावा लागतो आणि प्रमाण २० टक्क्यांपुढे नेले तरी शोषण वाढत नाही. वाढते ती आग आणि किंमत. टक्क्यापेक्षा बाटलीतला माल ताजा आहे का, हे आधी पाहायला हवे. पाण्यात विरघळलेले हे आम्ल हवा, उजेड आणि उष्णतेने बिघडते. भीमाकाठी मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा पत्र्याच्या घरात खिडकीत ठेवलेले सिरम आधी पिवळे, मग कोऱ्या चहासारखे तांबूस होते. तसे झाले की ते खुशाल टाकून द्यावे. पिनेल यांच्याच गटाने २००५ मध्ये १५ टक्के सी आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात फेरुलिक आम्ल घातले, तर ते अधिक टिकाऊ झाले आणि उन्हापासूनचे संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेले. (हे आम्ल उसाच्या चिपाडातही असते, म्हणून कुणी दौंडच्या गुऱ्हाळावरून चिपाडे आणून तोंडाला घासू नयेत!)

मग घरचे लिंबूच का नको? शेजारच्या श्रीगोंद्यात त्याच्या बागाच बागा आहेत. पण १०० ग्रॅम लिंबाच्या रसात सी जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅमच, म्हणजे ०.०५ टक्के; १० टक्क्यांच्या सिरममध्ये त्याच्या दोनशेपट असते. शिवाय कागदी लिंबातील फ्युरानोकौमारिन ही रसायने अंगावर असताना ऊन लागले, तर त्वचा भाजून फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. भर उन्हात कांदा खुरपणाऱ्या बाईला हा घरगुती उपाय भलताच महागात पडेल. सिरम लावून उन्हात गेल्यावर चेहरा काळवंडतो, अशी भीतीही ऐकू येते. ती लिंबाबाबत खरी आहे, ॲस्कॉर्बिक आम्लाबाबत नाही. ते सकाळी लावून वर सनस्क्रीन लावणेच फायद्याचे. मात्र सनस्क्रीनचे काम ते एकटे करू शकत नाही. नाजूक त्वचेला चुरचुर, लाली होऊ शकते, म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून काही दिवस पाहावे. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटसारखी रूपे अधिक टिकतात आणि कमी झोंबतात, पण त्वचेत गेल्यावर त्यांचे आधी सी जीवनसत्त्वात रूपांतर व्हावे लागते आणि त्यांच्या परिणामाचे पुरावेही तोकडे आहेत. तरीही फ्रीज नसलेल्या घरासाठी, निदान उन्हाळ्यापुरती, मी तीच सुचवेन.